काचेतला कमोड

घाटकोपर पश्चिमेला, भर रस्त्यावर 'निर्झर बाथ स्टुडिओ' आहे. दुकान म्हटलेलं मालकांना, म्हणजे अल्पेशभाईंना आवडत नाही, स्टुडिओच म्हणावं लागतं. तिथे भिंतीला लटकवलेले, जमिनीवर बसवलेले, चौकोनी, लंबगोल, काळे, मोतिया, माणूस जवळ आला की झाकण आपोआप उघडणारे आणि बसल्यावर खालून ऊब देणारे असे इतके कमोड मांडलेत की एखाद्या तालुक्याची सोय व्हावी. पण त्यांना ना नळ जोडलाय, ना खाली पाइप. या सगळ्या कमोडांच्या मधोमध सकाळपासून रात्री दुकान बंद होईपर्यंत संघमित्रा खिल्लारे उभी असते. आणि या बाईला दिवसभरात लघवीला जायला जागा नव्हती.

वाचून हसू आलं असेल तर हसून घ्या. संघमित्राला स्वतःला कैक वर्षं त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, मग तुम्हाला काय बोलायचं!

एक कमोड मात्र चालू होता. तो दर्शनी काचेत, रस्त्याकडे तोंड करून बसवलेला. त्याला पाणी होतं, ड्रेनेज होतं, सगळं होतं. गिऱ्हाईक आलं की संघमित्रा त्यात ओंजळभर प्लास्टिकचे रंगीत चेंडू टाकायची आणि बटण दाबायची. चेंडू गर्रकन फिरून गडप व्हायचे आणि खालच्या जाळीत जमा व्हायचे. "बघा सर, एका फ्लशमध्ये साफ, पाण्याची बचत," असं ती इतक्या ठसक्यात म्हणायची की लोक टाळ्या वाजवायचे. वरच्या मजल्याचे भाडेकरूसुद्धा पाहुणे आले की त्यांना डेमो दाखवायला खाली आणत.

पण या चेंडूंच्या जागी प्रत्यक्षात काय असतं, हे त्या दुकानात कुणी कधी उच्चारलं नाही. अल्पेशभाई भला माणूस, पण लाजाळू. कमोडला ते 'पीस' म्हणत, त्यावर बसण्याला 'यूज' म्हणत, आणि समोर बाईमाणूस असेल तर तेही न म्हणता नुसतं हवेत हात फिरवत. बापाच्या वेळेपासून संडासाचा धंदा, पण जिभेवर तो शब्द नाही.

दुकानाच्या मागे एक दार होतं, त्यावर 'स्टाफ' अशी पाटी. दारामागे बंद झालेल्या मॉडेलची खोकी छतापर्यंत रचलेली. पुरुष मंडळी शेजारच्या लाकडाच्या वखारीमागे जाऊन यायची, त्यामुळे त्या दाराची आठवण कुणाला व्हायचं कारण नव्हतं. संघमित्रा दुकानातली एकटीच बाई. स्टेशनजवळच्या सार्वजनिक संडासात जायचं तर जाऊन येईपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं. समोरच्या हॉटेलात जायचं तर हॉटेलवाला चहा घेतल्याशिवाय आत सोडत नाही, आणि चहा घेतला की तासाभरात पुन्हा जावं लागतं. तेव्हा तिनं सोपा मार्ग काढला होता. घरून निघताना जाऊन यायचं आणि मग घरी पोचेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही.

याचा तिला अभिमान होता, ही खरी गंमत. विक्रोळीच्या चाळीत ती वाढली. वडील भाऊराव कारखान्यात कामाला, आणि संडास चाळीच्या टोकाला, दहा खोल्यांत एक. तिथल्या रांगेत पोरं कळवळायची, नाचायची, भांडायची. संघमित्रा कधी नाचली नाही. एका वर्षी चाळीतली सगळी मंडळी गाडी करून नागपूरला दीक्षाभूमीला निघाली, तर बाकीच्या पोरींसाठी गाडी जागोजागी थांबवावी लागली. ही पठ्ठी खिडकीशी बसून राहिली. सगळ्या बायकांनी तिच्या आईजवळ कौतुक केलं, "काय गुणाची पोर गं तुझी, काही त्रास नाही!" लहान वयात असं कौतुक कानावर पडलं की माणूस बिघडतो. कुणी गाण्यात नाव काढतं, कुणी गणितात. संघमित्रानं लघवी धरून ठेवण्यात काढलं.

लग्न झालं तेही विक्रोळीतच. नवरा चैतन्य लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला, त्यामुळे कायम कुठल्यातरी इमारतीत मजल्यांच्या मध्ये. सासरे गेल्यावर सासू, सोनूबाई, वाशीमकडचं गाव सोडून मुलाकडे राहायला आली. सून दुकानात टाइल्स विकते अशी तिची समजूत होती. ती समजूत संघमित्रानंच करून दिली होती. 'कमोड विकते' हे सासूला कसं सांगायचं, या विचारात जे पहिलं तोंडाला आलं ते सांगून टाकलं, आणि मग तेच चालू राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात संघमित्राला जळजळ सुरू झाली. सारखं जावंसं वाटायचं, गेलं की थेंबभर व्हायची आणि त्या थेंबाला डोळ्यांत पाणी यायचं. ओटीपोट दुखायचं. आणि दिवसभर काम काय, तर फ्लशचं बटण दाबायचं! पाण्याचा तो खळखळाट ऐकला की तिचे गुडघे आपोआप एकमेकांना चिकटायचे. तरी तोंडावर हसू ठेवून, "बघा सर, एका फ्लशमध्ये साफ."

सोनूबाईनं घरी एका नजरेत ओळखलं. "काऊन वं, सारखी मोरीत जातं? उन्हाळी लागली तुले!" आणि मग उपचार सुरू झाले. बेंबीत एरंडेल. रात्री भिजवलेले धने-जिरे. सब्जा. शेजारच्या मथुराकाकूंनी थंड फरशीवर बसायला सांगितलं. सोनूबाईचा सगळा भर जवाच्या पाण्यावर. रोज सकाळी मोठी बाटली भरून ती सुनेच्या पिशवीत ठेवायची आणि दम द्यायची, "सगळी पेजो. संध्याकाळी बाटली रिकामी पाहिजे मले."

आता आली पंचाईत. एवढं पाणी प्यायचं तर जायचं कुठे? सासूचा शब्द मोडवत नाही आणि बाटली भरलेली परत नेता येत नाही. संघमित्रा दुपारी कुणी नसताना ते जवाचं पाणी काचेतल्या कमोडमध्ये ओतून बटण दाबायची. घाटकोपरच्या त्या कमोडची प्रकृती त्या उन्हाळ्यात एकदम झकास होती.

संघमित्राची मात्र वाट लागली होती. केमिस्टकडून तिनं गोळ्या आणल्या. दोन घेतल्या, बरं वाटलं, उरलेल्या डब्यात ठेवल्या, परत लागतील म्हणून. परत लागल्याच. पुन्हा दोन घेतल्या. असं तीनदा झालं. मग एका दुपारी, बाहेर मे महिन्याचं ऊन रटरटत असताना, तिला भर दुकानात हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, कंबरेच्या वर, बरगड्यांखाली कुणीतरी रेटतंय असं दुखायला लागलं. उभं राहवेना. खालून ऊब देणाऱ्या कमोडला निदान वीज जोडलेली होती. ती त्याच्यावर जाऊन बसली, ऊब सगळ्यात मोठी केली आणि डोळे मिटले.

नेमकं तेव्हा एक जोडपं आत आलं. अल्पेशभाईंना वाटलं, ताई नव्या पद्धतीनं डेमो देतायत. "बघा मॅडम, आमच्या स्टाफलासुद्धा उठावंसं वाटत नाही," ते हवेत हात फिरवत म्हणाले. मॅडमना तिच्या चेहऱ्यावरचं समाधान फार आवडलं. पीस तिथल्या तिथे विकला गेला. तापानं फणफणलेल्या संघमित्रानं त्याची पावतीसुद्धा स्वतःच फाडली, आता बोला!

दुसऱ्या दिवशी चैतन्यनं तिला पालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर माधुरी बोलायला फटकळ.

"लघवीला दिवसातून किती वेळा जाता?"

"सकाळी एकदा. मग रात्री."

"आणि मध्ये?"

"मध्ये ड्युटी असते."

"कसली ड्युटी?"

"कमोड विकते," संघमित्रा हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी आधी केसपेपरवरून मान वर केली. मग हसल्या. मग त्यांना इतका राग आला की त्यांनी पेन टेबलावर आपटलं. कुणाचा राग आला ते त्यांनाही नीट कळलं नसावं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "उन्हानं, उष्णतेनं हे होत नाही. हे जंतू असतात. आपल्याच आतड्यातले, शौचाच्या जागेवरचे. बाईची लघवीची वाट आखूड, दोन बोटं चालले की मूत्राशयात पोचले. तुम्ही पाणी प्यायलात, वेळच्या वेळी गेलात, तर ते धुवून निघतात. तुम्ही पाणी पीत नाही आणि धरून ठेवता, म्हणजे त्यांना राहायला जागा देता, तीही भाडं न घेता. त्यातून अर्धवट गोळ्या खाल्ल्या. जे कमजोर होते ते मेले, जे टगे होते ते उरले. आता ते वर किडनीकडे निघालेत. हा ताप, ही थंडी, हे कंबरेचं दुखणं, त्याचंच आहे."

त्यांनी लघवी तपासायला निर्जंतुक बाटली दिली, पहिली धार सोडून मधली घ्यायला सांगितलं. नवऱ्याला बाहेर पाठवून बाकीचंही सांगितलं, धुताना आणि पुसताना पुढून मागे, संबंधांनंतर लगेच लघवीला जायचं, साबणं आणि सुवासिक लोशनं तिथे लावायची नाहीत. संघमित्रा जमिनीकडे बघत मान हलवत होती. औषध लगेच सुरू केलं, रिपोर्ट आला तेव्हा ते बदलून दिलं आणि बजावलं, "बरं वाटलं तरी एकही गोळी सोडायची नाही. पुन्हा थंडी वाजली किंवा उलट्या झाल्या तर वाट बघू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा. आणि दर तीन तासांनी लघवीला जायचं. नाही गेलात तर हे परत होणार आणि दरवेळी असं गोळ्यांवर भागणार नाही. किडनी काही दुकानात मिळत नाही."

"तिथे जागा नाही, मॅडम."

"मग मागा."

"कशी मागू?"

"तोंडानं," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली.

इथून संघमित्राची खरी परीक्षा सुरू झाली. पाचशे शब्दांचं भाषण एका दमात देणारी ही बाई, तिला एक वाक्य बोलायचं होतं. ती अल्पेशभाईंच्या केबिनच्या दाराशी जायची.

"अल्पेशभाई, मला जरा…"

"बोला ना ताई."

"ते… चेंडू संपत आलेत डेमोचे."

अल्पेशभाई ताबडतोब चेंडू मागवायचे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जायची आणि पुन्हा चेंडूच निघायचे. शेवटी दुकानात चेंडूंची गोणी भरली आणि अल्पेशभाईंना वाटलं की ताईंना कामाची कळकळ भारी आहे. तिकडे ती औषधं घेत होती, पण पाणी प्यायला घाबरत होती. जळजळ थांबली होती, भीती थांबली नव्हती. रात्री बरगडीखाली हात लावून बघायची, दुखतंय का म्हणून.

एका संध्याकाळी तिनं सासूला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, की ही उष्णता नव्हे आणि धरून ठेवल्यानं बळावतं. सोनूबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"मंग आमाले सगळ्याईलेच होतं ते," ती म्हणाली. "गावात आमी अंधार हाये तवर जावो, नाहीतर दिवस बुडल्यावर. मधात वावरात बाप्ये असत. जळे, आग होये, ताप ये. माही जाऊ तं तापातच गेली. आमी म्हनो, बाईच्या जल्माले असतेच हे." मग ती सुनेकडे बघून म्हणाली, "पन तू तं मुंबईत हायेस वं. तुले काऊन झालं?"

संघमित्रा तव्यावरची भाकरी उलटायला वाकली. तिला रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला. नागपूरच्या गाडीतलं ते कौतुक तिला आठवलं आणि पहिल्यांदा त्याची लाज वाटली. उद्या बोलायचंच, असं तिनं ठरवलं. सकाळी उठून तिनं दोन तांबे पाणी पिऊन घेतलं, म्हणजे मागे फिरायला वाटच नको.

आणि नेमक्या त्याच दिवशी मुलुंडहून बायकांची कमिटी आली. त्यांची जुनी सोसायटी पाडून टॉवर उभा राहत होता, आणि बाथरूमचं सामान बायकांनी निवडायचं असं सभेत ठरलं होतं. पुरुषांनी निवडलेल्या लिफ्टचा अनुभव ताजा होता. कमिटीच्या प्रमुख कल्पिताताई, मागे सात-आठ जणी. एवढी मोठी ऑर्डर अल्पेशभाईंनी स्वप्नातही पाहिली नव्हती. "ताई," ते संघमित्राला कुजबुजले, "आज जागेवरून हलायचं नाही हां!"

संघमित्रा हलली नाही. दोन तांबे पाणी आत हलत होतं. तिनं लटकते दाखवले, बसके दाखवले. प्रत्येक वाक्याला तिच्या कपाळावर घाम येत होता. मुलुंडच्या बायकाही विचित्र दिसत होत्या. कुणी पायावर पाय घट्ट टाकून उभी, कुणी उगाच येरझाऱ्या घालतेय. संघमित्रानं काचेतल्या कमोडमध्ये चेंडू टाकले आणि बटण दाबलं. पाणी खळखळलं. त्याबरोबर मागून दोघीतिघींचा एकदम "आई गं!" असा आवाज आला.

एवढ्यात दार ढकलून सोनूबाई आत आली. सून दुपारची गोळी घरी विसरली होती, एकही सोडायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून म्हातारी पत्ता विचारत विचारत पोचली होती. आत येऊन तिनं चौफेर बघितलं.

"अवं, टायली कुठं हायेत?"

संघमित्रानं मान खाली घातली. सोनूबाईनं पुन्हा एकदा त्या पांढऱ्याशुभ्र पसाऱ्यावर नजर फिरवली आणि तिचा चेहरा खुलला. "बरं झालं माय. इतक्या दुरून आली, मलेही लागलीच हाये. यातला कोनता चालते?"

मुलुंडच्या बायकांनी कान टवकारले.

"मी तेच विचारणार होते कधीची," कल्पिताताई म्हणाल्या. "आम्ही सकाळपासून दुकानं फिरतोय. सगळीकडे कमोड, आणि जायला कुठेच नाही!"

"ते काय आहे मॅडम," अल्पेशभाई हवेत हात फिरवायला लागले, "हे सगळे डिस्प्ले पीस आहेत. म्हणजे यूजसाठी नाहीत."

"मग कशासाठी आहेत?"

अल्पेशभाईंनी सगळ्या कमोडांवरून एकदा नजर फिरवली. त्यांचा हात तसाच वर राहिला. आणि कुणी न विचारता संघमित्राच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं, डेमोच्या वेळचा तोच खणखणीत आवाज लागला.

"अल्पेशभाई, मला लघवीला जायचंय. रोज जायचं असतं. मला किडनीपर्यंत आजार गेला होता. आता मी थांबणार नाही."

तिनं काचेकडे बघितलं. सोनूबाईनं तिच्याकडे बघितलं, मग काचेकडे, आणि तिला सगळं समजलं. असल्या अडचणीची तिला आयुष्यभराची सवय होती. ती पुढे झाली, काचेला तोंड आणि कमोडला पाठ करून उभी राहिली, आणि दोन्ही हातांनी लुगड्याचा पदर ताणून धरला.

"या वं बायांनो. वावरात उभ्या राहतो तशा राहा. तोंडं तिकडं."

मुलुंडच्या बायकांनी वावर बघितलेलं नसेल, पण त्यांना शिकवावं लागलं नाही. ओढण्या सुटल्या, पदर पसरले, एकीनं कमोडचं कॅटलॉग उघडून भोक बुजवलं. सगळ्याजणी पाठ करून गोल उभ्या राहिल्या आणि मधे संघमित्रा बसली, ज्या कमोडवर तिनं इतकी वर्षं नुसते चेंडू सोडले होते त्याच्यावर. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भोवतीच्या बायका घरच्या बाथरूमच्या टाइल्सविषयी मोठमोठ्यानं बोलत होत्या, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून.

अल्पेशभाई बाहेर धावले होते. फुटपाथवर ते काचेला पाठ लावून, हात पसरून उभे. लोक जमायला लागले. "काय चाललंय शेठ?" कुणीतरी विचारलं. "लाइव्ह डेमो," अल्पेशभाई म्हणाले. आत फ्लशचा आवाज झाला तसा लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग कल्पिताताई गेल्या. टाळ्या. मग एकेक करून अख्खी कमिटी. शेवटी सोनूबाई गेली, आणि तिनं दोनदा बटण दाबलं, दुसऱ्यांदा नुसतं बघायला.

"पाणी मस्त ओढते," तिनं निकाल दिला.

"आम्हाला हाच पाहिजे," कल्पिताताई बाहेरून घामाघूम होऊन आलेल्या अल्पेशभाईंना म्हणाल्या. "वापरून घेतलाय. पण फिटिंग बघायला पुन्हा येऊ, तेव्हा ते स्टाफचं दार उघडं असलं पाहिजे. नाहीतर आम्ही रोज इथेच येऊन बसू, काचेत."

दुसऱ्याच दिवशी खोकी हलवली. शेवटचं खोकं निघाल्यावर कळलं की आत कमोडच नाही. कधीकाळी कुण्या गिऱ्हाइकाला घाई होती म्हणून अल्पेशभाईंच्या वडिलांनी तो काढून विकून टाकला होता. अल्पेशभाईंनी त्या भिंतीतल्या पाइपवरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाले, "ताई, स्टुडिओतला कुठलाही घ्या. तुम्हीच सांगा कुठला."

संघमित्रानं ऊब देणारा घेतला नाही, आपोआप उघडणारा घेतला नाही. साधा पांढरा घेतला आणि आतून लावायला दणकट कडी मागितली.

आता तिच्या टेबलावर पाण्याची मोठी बाटली असते आणि ती सगळ्यांसमोर ती पिते. त्या दिवसापासून ताप आलेला नाही. काचेतल्या कमोडला जवाचं पाणी मिळत नाही, नुसत्या चेंडूंवर भागवतो. सोनूबाई गावाकडच्या बायकांना फोनवर सांगते की माही सून संडासाच्या दुकानात सगळ्याईच्या वर हाये, आणि मग तिथूनच त्यांना दम देते, धरून नोका ठेवत जाऊ म्हणून.

परवा एक साहेब खास संघमित्राचं नाव विचारत आले. ती जागेवर नव्हती. अल्पेशभाईंचा हात सवयीनं हवेत गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. त्यांचे कान लाल झाले.

"ताई लघवीला गेल्यात," ते म्हणाले. "बसा, येतीलच."

साहेब बसले. कमोडवरच बसले, बसायला तिथे दुसरं होतं काय!